ग्रुपवरचा हिटलर आणि ग्रुनेवाल्डचा प्लॅटफॉर्म

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तेच. भाचीच्या शाळेत नववीला होलोकॉस्टवर, म्हणजे हिटलरच्या राजवटीनं केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवर, दोन तास घेतले म्हणून काकांनी लिहिलं, युरोपातली मढी आपल्या पोरांनी कशाला उकरायची, उलट आपल्याकडे एक हिटलर यायला पाहिजे, शिस्त तरी लागेल. खाली धडाधड अंगठे. मला त्या अंगठ्यांचा राग जास्त आला, सगळी शिकलेली माणसं.

शिस्तच हवी ना? इथे बर्लिनला एस ७ ने ग्रुनेवाल्डला उतरलं की १७ नंबरचा प्लॅटफॉर्म आहे, कडेला पोलादी पट्ट्या, प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू नेले आणि कुठे नेले. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१. जर्मन रेल्वे या माणसांचं थर्ड क्लासचं भाडं एसएसकडून, म्हणजे हिटलरच्या सशस्त्र संघटनेकडून, वसूल करायची, फक्त जायचं, दहा वर्षांखालच्या मुलांना हाफ तिकीट, चार वर्षांखाली फुकट. कुणीतरी कारकून बसून ही बिलं करत होता. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनच्याच वान्झे भागातल्या बंगल्यात ही कत्तल कशी पार पाडायची ते ठरवायला १५ बडे नाझी अधिकारी बसले, त्यातले आठ पीएचडीवाले. माझ्या मुलाच्या वर्गाला हे शिकवतात, मुलांना प्रेतांचे फोटो दाखवून रडवत बसत नाहीत, गल्लीतल्या फुटपाथवर, तिथून नेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी बसवलेल्या पितळी दगडावर, ज्याचं नाव असतं त्याचं दुकान नंतर कुणी घेतलं, फर्निचर कुणी घेतलं, ते शोधून आणायला सांगतात.

आणि आपला काय संबंध म्हणे. आकाशवाणीची सकाळची ती धून, जी ऐकत काकांनी आयुष्यभर दाढी केली, ती वॉल्टर कॉफमनची मानतात, १९३४ ला युरोप सोडून मुंबईत आलेला ज्यू. अलिबागकडचे आपले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायल ज्यू, शेकडो वर्षं मराठी बोलत सुखानं राहिले, याचा मला खरंच अभिमान आहे. आणि त्याच रायगड जिल्ह्यात खारघरला २००६ मध्ये हिटलरच्या नावानं रेस्टॉरंट उघडतं, ज्यू समाजानं आवाज उठवल्यावर नाव बदलतात! इथला कुणी कलीग याबद्दल छेडतो तेव्हा मी कॉफमन सांगतो, अलिबाग सांगतो, भांडतो, पण काकांचा मेसेज कधी सांगत नाही. घरचं आहे ते.

काका म्हणतात तू आता तिकडचा झालास. पासपोर्ट बदलला, खरंय. पण जानेवारी २०२४ मध्ये पॉट्सडॅमला झालेल्या अतिउजव्यांच्या बैठकीत स्थलांतरितांना मोठ्या प्रमाणावर परत पाठवायची चर्चा झाल्याची बातमी आली आणि राइशटागसमोर, म्हणजे संसदेच्या इमारतीसमोर, थंडीत लाखभर लोक जमले, त्यात मुलाला घेऊन मीही होतो, आणि आजूबाजूला सगळे जर्मन आमच्यासाठी घोषणा देत असताना मला धीरही आला आणि कसंतरीही झालं, कारण इतकी वर्षं हा इतिहास त्यांचा, आपण पाहुणे, असंच धरून चाललो होतो. काका हिटलर मागतात तेव्हा कुणाला न्यायचं त्याची यादी करणारा आपलाच असणार हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. मला इथे ते धरता येत नाही, आणि तिकडेही कुणी धरू नये असं वाटतं. भाचीला दोन तास मिळाले ते कमीच आहेत, ग्रुपवर मी तेच लिहिलंय.