खुनी कोण ते तुम्हाला माहीत आहे ना? मग गप्प बसा!

जुन्या रहस्यपटाचं अडतिसावं मिनिट चालू होतं. दुसरा खूनसुद्धा अजून व्हायचा होता. इन्स्पेक्टर नुकताच दारातून आत आला होता, भिजलेला रेनकोट काढून खुंटीला लावत होता. आणि बाजूच्या चॅटमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं, "या रेनकोटवाल्याकडे काय बघताय, मागे जिन्यात उभी आहे तिच्याकडे बघा. तिनेच केलंय सगळं." पुढे डोळा मारणारी इमोजी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज चार दिवस झाले, अजून उतरलेली नाही.

आम्ही चौदा जण दर शनिवारी रात्री ऑनलाइन जमतो. जुने रहस्यपट बघतो, बहुतेक कृष्णधवल, तीस ते पन्नासच्या दशकांतले. लिंक आली की "तीन, दोन, एक" म्हणून सगळे एकदम प्ले दाबतात आणि चित्रपट चालू असताना बाजूला चॅट चालतं. त्या शनिवारी एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. असले चित्रपट तिने कधी पाहिलेच नव्हते. वही घेऊन बसले आहे, असं तिने आधीच सांगितलं होतं. विसाव्या मिनिटाला तिने विचारलं, "डॉक्टरने घड्याळाकडे दोनदा का पाहिलं?" मी हा चित्रपट तीन वेळा पाहिलाय, पण ते दुसऱ्यांदा पाहणं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला! म्हटलं, ही टिकणार, हिला नजर आहे. मग तिने लिहिलं, "माझा संशय त्या जिन्यातल्या बाईवर नाहीच, ती तर बिचारी वाटते." आणि अठरा मिनिटांत त्या गृहस्थांनी सगळ्यावर पाणी ओतलं. तिने फक्त "अच्छा" एवढंच लिहिलं. थोड्या वेळाने बघते तर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेलेला.

चित्रपटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी तो पाहिलेला नसेल.

मी त्यांना तिथल्या तिथे विचारलं, हे का केलंत? तर उत्तर आलं, "अहो, ऐंशी वर्षांचा जुना चित्रपट आहे, त्यात स्पॉइलर कसला?" स्पॉइलर म्हणजे आधीच गुपित फोडणं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चीड येते. चित्रपट ऐंशी वर्षांचा असेल, पण ती मुलगी तो त्या रात्री बघत होती. तिच्यासाठी तो खून त्या रात्रीच झाला होता! रहस्यपट पहिल्यांदा एकदाच बघता येतो. कितीही वेळा परत लावा, ते न कळलेपण परत मिळत नाही. तुम्हाला ते एकदा मिळालं, पोटभर मिळालं. दुसऱ्याच्या ताटातलं ओढून घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आणि ज्यांनी हे चित्रपट बनवले त्यांना याची किती काळजी होती ते तरी बघा. १९५५ साली फ्रेंच दिग्दर्शक आँरी-जॉर्ज क्लूझोने 'ले दियाबोलिक'च्या शेवटी पडद्यावर चक्क विनंती लिहिली, की तुम्ही काय पाहिलंत ते मित्रांना सांगून त्यांची मजा घालवू नका. १९५७ च्या 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन'मध्ये श्रेयनामावली चालू असताना एक आवाज प्रेक्षकांना सांगतो, की शेवटाचं गुपित कुणाजवळ फोडू नका. १९६० साली 'सायको' लागला तेव्हा त्याचा दिग्दर्शक हिचकॉकने नियमच केला, की चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. ही माणसं वेडी होती का? कथेतली एक गाठ किती जपून सोडवावी लागते ते त्यांना ठाऊक होतं. आणि हे गृहस्थ त्यांचेच भक्त म्हणवतात, त्यांच्या जन्मतारखा पाठ करून बसतात आणि त्यांची ही एक साधी विनंती पाळत नाहीत!

थेट सांगणाऱ्यापेक्षाही मला जास्त राग येतो तो सूचक बोलणाऱ्यांचा. "मी काही सांगत नाही हं, फक्त हातमोज्यांवर लक्ष ठेवा." अरे, मग राहिलं काय सांगायचं? रहस्यपटात पुरावा लपवलेला नसतो, तो आपल्या समोरच ठेवलेला असतो. टेबलावर चार वस्तू असतात, त्यातली एक कामाची. नेमकं त्याच क्षणी कुणाच्या तरी हातून ग्लास पडतो आणि आपली नजर तिकडे वळते. तो ग्लास कधी पडावा, कॅमेरा किती वेळ थांबावा, दिवा कुठून यावा, हे सगळं जीव तोडून जमवलेलं असतं. तुम्ही "हातमोजे" म्हणालात की ग्लास पडला तरी कुणी तिकडे बघत नाही. अख्ख्या प्रसंगाचं मुसळ केरात. वर पुन्हा "मी कुठे काय सांगितलं?" म्हणून साळसूद चेहरा.

मूळ कादंबरी वाचून आलेल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. पहिल्या दहा मिनिटांतच "पुस्तकात तर असं आहे" सुरू. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नि काय नाही याची नियमावली, कडकपणे लागू झाला, तो १९६८ पर्यंत होता. गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही, असा त्यात दंडकच होता, त्यामुळे कित्येक कथांचे शेवट पडद्यावर येताना बदलले. म्हणजे यांनी सांगितलेलं कधीकधी खरंही नसतं. चुकीचं असलं तरी डोक्यात बसतं ते बसतंच, आणि उरलेला चित्रपट आपण त्यांच्या चष्म्यातून बघतो.

मग येतात विद्वान. "खुनी कोण हे महत्त्वाचंच नसतं, वातावरण बघा, छायाप्रकाश बघा." मान्य, शंभर टक्के मान्य! दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या १९४६ च्या 'द बिग स्लीप'मधला एक खून नक्की कुणी केला, हे चित्रपटवाल्यांनी मूळ लेखक रेमंड चँडलरलाच विचारलं, तर त्यालाही सांगता आलं नाही. तरी तो चित्रपट मी पुन्हा पुन्हा बघते, त्यातले नायक-नायिका बोगार्ट आणि बकॉल समोरासमोर आले की श्वास रोखून बघते. पण खुनी महत्त्वाचा नाही हे ज्याचं त्याने, चित्रपट संपल्यावर ठरवायचं. आणि महत्त्वाचं नाही ना? मग सांगायची एवढी घाई कशाला?

एक जण तर मुद्दाम अर्धा मिनिट पुढे चालवतो. आमच्या पडद्यावर बाई अजून दाराची कडी काढत असते आणि चॅटमध्ये त्याचं "बापरे!!!" येऊन पडतं. किती वेळा सांगितलं, थांब, सगळ्यांच्या बरोबर ये. नाही म्हणजे नाहीच.

हे सगळं इतकं लागतं, कारण नीट जमलं की याच्यासारखं दुसरं काही नाही. बॅसिल रॅथबोन या नटाने रंगवलेल्या शेरलॉक होम्सचे १९३९ ते १९४६ मधले चौदाच्या चौदा चित्रपट आम्ही ओळीने चौदा शनिवार पाहिले. तेव्हा एक अलिखित नियम होता, 'समाप्त' येईपर्यंत फक्त अंदाज लिहायचे. ज्यांनी आधी पाहिले होते ते तोंडाला कुलूप लावून बसायचे, चुकीच्या अंदाजालाही हं की चूं नाही. चित्रपट संपला की मग रात्री दोनदोन वाजेपर्यंत बोलणं. कुठे फसलो, कुठल्या वाक्यात उत्तर होतं, पुन्हा मागे जाऊन तोच प्रसंग बघायचा. पाहिलेल्यांना काय कमी मजा येते का? समोरचा माणूस बरोबर त्या जागी फसतोय जिथे आपण फसलो होतो, हे बघत गप्प राहण्यात किती सुख आहे!

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी मेसेज केला. माफी मागितली, माझी चूक नसताना. ती म्हणाली, "राहू दे ताई, मी एकटीच बघत जाईन." यावर मला काही लिहिताच आलं नाही.

पुढच्या शनिवारचा चित्रपट मी निवडलाय. नाव कुणालाही सांगितलेलं नाही, लिंक उघडली की कळेल. चॅट 'समाप्त' येईपर्यंत बंद राहील, ॲडमिन म्हणून ते मीच बंद करणार आहे. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी खुशाल येऊ नये. तिला मात्र मी लिंक पाठवली आहे. वही घेऊन ये, म्हणून सांगितलंय.