पोरांच्या हाताला काही लागू देऊ नका

सर, मॅडम, यंदा विज्ञान तुमच्याकडे आलंय ना? मग पहिलं काम म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी कुणाकडे असते ते शोधून काढा आणि ती तिथंच राहू द्या. परीक्षानळी फुटली तर डेडस्टॉक रजिस्टरसमोर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीसमोर, तुम्हाला उभं राहायचंय, ओहम साहेब येणार नाहीत.

हल्ली जो तो म्हणतो की मुलांनी करून शिकलं पाहिजे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या पोरांनी 10 दिवस दप्तर न आणता सुतार, माळी, कुंभार असल्या माणसांकडे जाऊन काम शिकावं असं लिहिलंय. घाबरू नका. त्यातलं दप्तर आणायचं नाही तेवढं पाळा, पोरांना वर्गातच बसवून सुताराचं चित्र काढायला लावा, फोटो ग्रुपवर टाका, झालं उपयोजन.

प्रयोग मात्र घ्यावेच लागतात, त्याला इलाज नाही. तो तुम्ही स्वतः टेबलावर करायचा, भोवती साठ पोरं, पुढच्या सहांना प्रयोग दिसतो आणि बाकीच्यांना सरांची पाठ. नववीचा ओहमचा नियम घ्या, विभवांतराला धारेने भागलं की तारेचा रोध येतो आणि तापमान तेच असेल तर तो दरवेळी तेवढाच येतो. जर्नलमध्ये साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा क्रम छापलेला असतो पण अनुभवी माणूस अनुमानापासून उलटा येतो, म्हणजे आधी उत्तर 10 ओहम ठरवायचं आणि मग विभवांतर आणि धारेचे आकडे असे भरायचे की पाचही रीडिंगला भागाकार 10 च आला पाहिजे, एक दशांशसुद्धा इकडेतिकडे नको. खरोखर सर्किट जोडलं की काय होतं माहितीये, तार तापते आणि रोध वाढतो, क्लिप सैल असते, अमीटरचा काटा मुळातच शून्यावर नसतो, मग उत्तर येतं 9.4, 10.7, आणि एखादं आगाऊ पोरगं विचारतं सर असं का आलं. प्रश्न अगदी विज्ञानाचाच आहे हो, पण पोर्शन कोण संपवणार? (मी एकदा उत्तर द्यायला गेलो, तास तिथंच संपला, तेव्हापासून मागच्या वर्षीचं एक पूर्ण जर्नल जपून ठेवलंय, दरवर्षी वर्गात फिरतं.)

दहावीला तर सोप्पंय, भाग एकचे 40, भाग दोनचे 40 आणि प्रात्यक्षिकाचे 20. ते 20 मार्क कव्हर, अक्षर आणि इंडेक्स बघून द्या.

शाळेला अटल टिंकरिंग लॅब मिळाली असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. 2016 पासूनची नीती आयोगाची योजना, 20 लाखांपर्यंत अनुदान, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सगळं येतं. प्रिंटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढू नका, धूळ बसते. पाहुणे आले की काढा, एक गणपती छापून दाखवा, परत घाला.

विज्ञान प्रदर्शनाचं वेगळं सांगायला नको. मॉडेल वडिलांनी करायचं, पाठांतर पोराने करायचं, बोटाने दाखवायची पट्टी तेवढी त्याच्या हातात द्या. विषय पर्यावरण रक्षण असेल तर थर्माकोल जरा जाड घ्या. 2018 ला राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्या आणि मखरांवर बंदी आली खरी, पण विज्ञानाला कोण अडवतंय.

कुणीतरी पाबळचं नाव काढेल, तेव्हा विषय बदला. डॉ. कलबाग म्हणून हिंदुस्तान लिव्हरमधले शास्त्रज्ञ होते, चांगली नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या त्या गावात गेले आणि 1983 ला विज्ञान आश्रम काढला. तिथली पोरं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, त्यावरून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञान असा विषयसुद्धा तयार झाला, आठवडयातून एक दिवस हाताने काम. आता मला सांगा, पोराने स्वतः वेल्डिंग करून गेट बसवलं तर त्याला 5 पैकी किती द्यायचे? आणि गेट वाकडं झालं तर ते सगळ्या गावाला दिसतं, जर्नलसारखं मिटून ठेवता येत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकावर एक पोरगा असतो, ज्याचं जर्नल कधी पूर्ण नसतं कारण संध्याकाळी तो मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात असतो, विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर खोलून बसवतो, पण ओहमचा नियम विचारला की खाली बघतो. त्याला नापास करू नका, लागतो तो. प्रदर्शनाच्या दिवशी साहेब यायच्या दहा मिनिटं आधी हॉलचा फ्यूज उडणारच आहे, कारण सगळे फिरते ग्रह आणि पवनचक्क्या एकाच एक्स्टेन्शनवर लावलेल्या असतात. त्याला हळूच बोलवा. तो मेन स्विच पाडेल, तार बदलेल, अर्ध्या पवनचक्क्या दुसऱ्या पॉइंटवर टाकेल, तोवर तुम्ही टॉर्च धरा. लाईट आली की त्याला लगेच वर्गात पाठवा, फोटोत नको, शर्टाला काळं लागलेलं असतं, आणि जाता जाता विचारा, जर्नल कधी देणार आहेस रे?