अकरा नंदीध्वज आणि एक बंद पंखा

सोलापुरात कागदाच्या कोलाजवर, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांवर, पोट भरायचं म्हटलं की पहिला बळी पंख्याचा जातो. टेबलावर नखाएवढे तुकडे मांडलेले, बाहेर मे महिन्याचं ४३-४४ डिग्री, आणि पंखा एकवर ठेवला तरी निम्मा सिद्धेश्वर तलाव कपाटाखाली जातो, म्हणून पंखा बंद, मग घाम गळतो तो बरोबर टिश्यू पेपरवर आणि रंग सुटतो. त्यात गिऱ्हाईक आलं की बसायच्या आधी त्याचा हात बटणावर. "काय मालक, पंखा का बंद?" असं विचारेपर्यंत कुणाच्या तरी आजोबांची अर्धी मिशी खिडकीबाहेर!

कामाचं म्हणाल तर २०२० पासून काही खरं नाही. पन्नास माणसांत लग्नं लागायला लागली तशा पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, आणि माझा सगळा सोनेरी माल जुन्या पत्रिकांतूनच यायचा हो! म्हणजे ऑर्डर नाही ती नाही, वर कच्चा मालही बंद. लोक म्हणतात कागदच तर आहे, रद्दीच्या भावानं लावा. पिकासो आणि ब्राक हे मोठे चित्रकार १९१२ पासून चित्रात कागद चिकटवत होते, पण त्यांच्याकडं अक्कलकोट रोडचा चादर कारखानदार कधी गेला नव्हता.

माझ्याकडं आला. मोबाईलवर एआयनं काढलेलं गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचं चित्र, "हे असंच पाहिजे, पण हातानं." बघतो तर नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या, अकरा. म्हटलं मालक, आपले सात असतात की.

"असू द्या की, भरगच्च दिसलालंय. वरच्या चारचे वेगळे पैसे नाहीत ना?"

शेवटी सातावर आणला, देवाचं नाव मधे घालून. पण खरी मजा बाराबंदीत होती, म्हणजे भक्तांच्या बंदांच्या पांढऱ्या अंगरख्यात. पांढऱ्यावर पांढरं करायचं, रंग लावायचा नाही, मग अंगरख्याला आयव्हरी कार्ड, चुण्यांना ट्रेसिंग पेपर, सावलीला जुन्या पाकिटाचा पिवळट पडलेला आतला भाग, आणि ते बंद कटरनं दोऱ्याएवढे कापून चिमट्यानं चिकटवायचे, श्वास रोखून, कारण शिंक आली की भक्त गेला. एका माणसाच्या बंदांत दुपार जाते. हे एआयला कुणी करायला लावा बरं मेमध्ये.

कारखानदार खूश झाला. अ‍ॅडव्हान्स दिला होता, बाकीचं म्हणाला, "मार्केट डाऊन हाय मालक, चादरी घ्या." आता ह्या उन्हात चादरी! पण नाही म्हणून करतो काय, गठ्ठा रिक्षात टाकून तसाच फ्रेमवाल्याकडं गेलो, त्याची उधारी होती. म्हटलं भाऊ, पैशाऐवजी दोन डबल चादरी ठेव, अस्सल सोलापुरी.

त्यानं काही न बोलता काचांच्या मागचा पडदा सारला. मागं छतापर्यंत चादरी. "तुमालाच दोन पाहिजेत का?"