मडक्यातला कोळसा आणि विहिरीतले विष

पिण्याच्या पाण्याच्या मडक्यात लोणारी कोळशाचे चार तुकडे टाकावेत, फवारणीची सगळी औषधे त्यात ओढली जातात, कोळसा अधूनमधून उन्हात वाळवला की वर्षभर चालतो आणि पाणी उकळले की उरलेसुरले विषही जाते, असा संदेश सध्या गावोगावी फिरतो आहे. त्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच मला तो अधिक धोक्याचा वाटतो.

पहिला दावा कोळशाचा. कीटकनाशकाचे रेणू कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात, हे खरेच आहे. पण शुद्धीकरणासाठी वापरतात तो सक्रिय कार्बन असतो. नारळाच्या करवंटीचा किंवा दगडी कोळसा सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेने प्रक्रिया करून आतून पोखरला जातो, तेव्हा त्याच्या एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर, म्हणजे साधारण पाच ते पंधरा गुंठे पृष्ठभाग तयार होतो. चुलीसाठी भाजलेल्या कोळशात इतकी सूक्ष्म छिद्रे नसतात. शिवाय मडक्यातले पाणी स्थिर असते आणि तुकडे मोठे असतात, त्यामुळे बरेचसे पाणी त्या छिद्रांपर्यंत पोहोचतच नाही.

‘सगळी औषधे’ हे तर साफ चूक आहे. ॲट्राझिन हे तणनाशक किंवा क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक यांसारखी, पाण्यापेक्षा कार्बनकडे अधिक ओढा असलेली द्रव्ये सक्रिय कार्बनवर चांगली धरली जातात. ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र पाण्यात सहज विरघळते आणि कार्बनला फारसे चिकटत नाही. उलट पॅराक्वाट या तणनाशकाच्या रेणूवर धन विद्युतभार असल्यामुळे बेंटोनाइटसारखी ऋणभारित माती त्याला घट्ट पकडते. पाण्यात कोणते औषध उतरले आहे, हे कळल्याशिवाय कोणता पदार्थ वापरायचा ते ठरवता येत नाही.

उन्हात वाळवल्याने छिद्रे रिकामी होत नाहीत. त्यासाठी भट्टीतले शेकडो अंशांचे तापमान लागते. भरलेला कार्बन नवे विष धरत नाही आणि पाण्यातले प्रमाण उतरले तर धरलेले पुन्हा सोडूही शकतो. कॅरिबियन समुद्रातल्या फ्रान्सच्या ग्वाडलूप बेटावर केळीच्या बागांत १९९३ पर्यंत वापरलेले क्लोरडेकोन हे कीटकनाशक आजही जमिनीत आहे. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रांत सक्रिय कार्बनच्या गाळण्या बसवल्या आहेत, पण त्यांतला कार्बन बदलत राहावे लागते.

उकळण्याने जंतू मरतात. सहजासहजी न उडणारी बहुतेक कीटकनाशके मात्र भांड्यातच राहतात आणि पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण उलट वाढते.

ज्यांची विहीर शेतालगत आहे, त्यांनी रंग-वास पाहून निर्धास्त होऊ नये. पाण्याचा नमुना कीटकनाशकांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावा, नुसत्या क्षार-जंतूंच्या तपासणीत ती दिसत नाहीत. गाळणी घेतलीच तर तिचा कार्बन किती लिटरनंतर बदलायचा, ते विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. आणि फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर कधीही धुऊ नये.