‘एईएसची रीत जगजाहीर आहे, म्हणून ती असुरक्षित’: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

‘एन्क्रिप्शनची (माहिती गुप्त रूपात बदलण्याची) एईएस ही पद्धत अमेरिकी सरकारने बनवली, तिची सगळी रीत जगजाहीर आहे आणि क्वांटम संगणक आला की ती कोसळणार, त्यापेक्षा कुणालाच ठाऊक नसलेली पद्धत वापरा,’ असा संदेश सर्रास पुढे ढकलला जातो.

यातला पहिलाच दावा चुकीचा आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने १९९७ साली नव्या पद्धतीसाठी खुले आवाहन केले, १५ प्रस्ताव स्पर्धेत उतरले आणि २००० साली योआन डामेन व व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन तज्ज्ञांची ‘राइनडाल’ ही पद्धत एईएस म्हणून निवडली गेली. संशय मात्र अगदीच निराधार नाही: एईएसच्या आधीचे मानक असलेल्या डीईएस या पद्धतीच्या घडणीत एनएसए या हेरसंस्थेचा हात होता, डीईएसची किल्ली (डेटा उलगडायला लागणारा गुप्त आकडा) अवघी ५६ बिटांची होती आणि १९९८ साली एका खास यंत्राने ती तीन दिवसांच्या आत शोधून काढली.

‘रीत जगजाहीर’ हे खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. एईएस १६ बाइटांचा ठोकळा चार ओळी व चार स्तंभांत मांडते. १२८ बिटांच्या किल्लीला दहा फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत ठरलेल्या तक्त्यानुसार बाइट बदलतात (शून्याच्या जागी ९९ येतो), ओळी सरकतात, स्तंभांचे मिश्रण होते (शेवटची फेरी वगळून) आणि अखेरीस किल्लीतून काढलेला त्या फेरीचा भाग मिसळला जातो. डेटा उलगडताना याच पायऱ्या त्याच किल्लीने उलट क्रमाने चालवायच्या असतात. पहिल्या तीन पायऱ्या कुणालाही उलटवता येतात, कारण त्यांचा किल्लीशी संबंधच नाही. सगळे अडते ते चौथीपाशी. रीत उघड असल्यामुळेच जगभरचे तज्ज्ञ दोन दशकांहून अधिक काळ तिच्यावर हल्ले करून पाहू शकले, आणि २०११ सालच्या एका गाजलेल्या हल्ल्यानेही १२८ बिटांची किल्ली शोधण्याचे काम जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आले. संभाव्य किल्ल्यांच्या एवढ्या अवाढव्य आकड्याचा चौथा हिस्साही आवाक्याबाहेरच राहतो.

क्वांटमची धास्ती आरएसएसारख्या, एक उघड व एक गुप्त अशा दोन किल्ल्यांच्या पद्धतींना लागू पडते. एईएसपुढे ग्रोव्हरची रीत (क्वांटम संगणकावर किल्ली वेगाने शोधण्याची पद्धत) किल्लीची ताकद फार तर निम्म्या बिटांवर आणते, म्हणजे २५६ बिटांची किल्ली १२८ बिटांच्या तोडीची उरते.

राहिली ‘गुप्त पद्धत’. ‘मायफेअर क्लासिक’ या बिनस्पर्श चिप-कार्डांतली एन्क्रिप्शनची पद्धत उत्पादकाने गुप्तच ठेवली होती, आणि लंडनच्या प्रवासी कार्डांतही ती वापरात होती. संशोधकांनी चिपचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ती उलगडली, आणि २००८ साली त्या कार्डांची ४८ बिटांची किल्ली काढणे साध्या संगणकाचे काम होऊन बसले.