अंगठ्यानं बॅकलॅश मोजणारे महाभाग

"दोन घंट्याचं काम आहे भाऊ, बसा, चहा घ्या." गाडीच्या मागच्या धुऱ्यातले गिअर बदलताना हे वाक्य ज्याला ज्याला तोंडपाठ आहे, त्या प्रत्येक मिस्त्रीला माझ्या जीपच्या मागच्या सीटवर बसवून पांढरकवड्याहून घाटंजीपर्यंत फिरवायची माझी तयारी आहे. डिझेल माझं. त्यांनी फक्त कान उघडे ठेवायचे. काटा चाळिसाच्या वर गेला की बुडाखालून जो भोंगा सुरू होते तो ऐकायचा, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून पुन्हा म्हणून दाखवायचं, "काई नाई भाऊ, नवे दात आहेत, बसून जाईल आवाज."

नाही बसत! चुकीचे बसवलेले दात स्वतःहून सुधारत नाहीत, ते एकमेकांना खातात.

जीप जुनी आहे, कबूल. पण आमच्या शेताची पांदण ज्यानं जुलैत पाहिली आहे, त्यानं "विकून टाका, एखादी छोटी कार घ्या" असले सल्ले मला देऊ नयेत. काळ्या मातीचा गारा चाकाला असा चिकटते की टायरची नक्षीच दिसत नाही. तिथं फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद, आणि लो गिअर लागतोच. अशाच गाऱ्यात चाक गरगर फिरत होतं, एकदम खाली मुरूम लागला, चाकानं पकड घेतली आणि मागच्या धुऱ्यातल्या क्राउनचे, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राचे, दात गेले. होते असं. त्याचा राग नाही. राग त्याच्यापुढच्या तमाशाचा आहे.

मिस्त्री हायवेवरचा, ट्रकवाला. ट्रकचं हौसिंग, म्हणजे हे गिअर ज्यात बसतात ते धुऱ्याचं कवच, रोज उघडते म्हणे. दुकानदारानं पाठवलेला नवा सेट त्यानं हातात घेतला, पिनियनचे, म्हणजे क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे, दात मोजले. "जुना आठ, नवा आठ. सेम आहे." संपला हिशेब! अरे बाबा, क्राउनचे कोण मोजेल? माझ्या गाडीत आठावर ४३ दात, म्हणजे ५.३८ चा रेशो, पिनियनचे तेवढे फेरे तेव्हा क्राउनचा एक. दुकानदारानं जो दिला तो आठावर ३९, म्हणजे ४.८८. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला ४.८८ होता, पुढं सीजे-३बी जीपला ५.३८ आला, दोन्हींच्या पिनियनला आठच दात. हे जीपवर हात काळे करणाऱ्याला माहीत नसावं? बरं, माहीत नसू दे. मोजता तर येते ना? ४३ पर्यंत आकडे तर जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकवतात!

आता पुढं ५.३८ आणि मागं ४.८८. फोर व्हील टाकलं की पुढच्या आणि मागच्या धुऱ्याकडे जाणारे दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, त्यामुळे मागचं चाक दहा मीटर जायला पाहते तेव्हा पुढचं नऊच्या थोडंच पुढं. गाऱ्यात चाकं घसरतात म्हणून कळत नाही. पांदणीतून डांबरीवर चढलो आणि कळलं. गाडी अंग आखडल्यासारखी झाली, वळताना टायर किंचाळले आणि फोर व्हीलची लिव्हर जागची हलेना. रिव्हर्स घेतला, शेवटी एक चाक जॅकवर उचलून ताण सोडवला तेव्हा ती सुटली. आणि मिस्त्रीचं निदान काय? "ट्रान्सफर केस खोलावा लागते, त्याचाच फॉल्ट आहे." म्हणजे एका हौसिंगची वाट लावली, आता दोन्ही धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या दुसऱ्या डब्याकडे नजर! पानठेल्यावरच्या तज्ज्ञांनीही माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात लुनाच्या पुढं काही चालवलेलं नाही.

भांडून-भांडून सेट बदलून आणला. क्राउन आणि पिनियन कारखान्यातून जोडीनंच येतात, एकमेकांवर घासून बसवलेले, दोन्हींवर एकच नंबर कोरलेला. दुकानदार म्हणते, "पिनियन या डब्यातला घ्या, क्राउन त्या डब्यातला, माल एकच." ज्या गावात पोळ्याला बैलाची जोडी चुकली तर लोक वर्षभर हसतात, त्या गावात हे ऐकावं लागते! नंबर जुळवून दाखवा म्हटलं तर मीच कटकट्या.

मग बसवायचं काम. पिनियनच्या तोंडावर प्लस-मायनसचा आकडा असतो, त्याप्रमाणे खालच्या पातळ लोखंडी पत्त्या कमी-जास्त करायच्या, म्हणजे पिनियन नेमका किती आत बसेल ते ठरते. मिस्त्रीनं जुन्या पिनियनच्या पत्त्या जशाच्या तशा टाकल्या. "त्याच मापाच्या आहेत भाऊ." मोजल्या कशानं? डोळ्यानं! जुनं बेअरिंग छन्नी-हातोडीनं काढलं, नवं हातोडीनंच ठोकलं. पुसायला कापूस. कापसाचा जिल्हा आहे म्हणून काय बेअरिंगमध्येही पराटी लावायची? खाली उघडी जमीन, वरून हायवेची धूळ, आणि त्यात उघडं पडलेलं हौसिंग.

क्राउन-पिनियनमधली सैल, म्हणजे बॅकलॅश, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात. ते डायल गेज, म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग दाखवणारं काट्याचं माप, लावून, क्राउन फिरवत तीन-चार जागी बघायचं. दातांना निळा रंग लावून घास कुठं उमटतो ते पाहायचं. दाताच्या मधोमध आला तर ठीक, टोकाला किंवा मुळाशी आला तर पुन्हा सगळं खोल, पत्ती बदल, पुन्हा बसव. म्हणूनच ते दोन घंट्यांत होत नाही. या महाभागानं अंगठ्यानं क्राउन हलवला, टक-टक ऐकली, मान डोलावली आणि झाकण बंद. रंग विचारला तर म्हणाला, "कलर गाडीले मारतात भाऊ, दातांले नाई."

तेलाचीही तीच तऱ्हा. उघड्या डब्यातलं "नव्वद नंबर" ओतलं. या दातांना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, डब्यावर छापलेलं असते, वाचायला पैसे पडत नाहीत.

ॲक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा. बायको म्हणते, तुमची गाडी दोन गावं आधीच कळते. परवा पुन्हा गेलो. सरळ सांगितलं, या वेळी डायल गेज आणल्याशिवाय हौसिंगला हात लावायचा नाही आणि मजुरी एक पैसा मिळणार नाही. तर डोकं खाजवून म्हणते कसा, "ते भाऊ इथं नाई भेटत, नागपूरले भेटते."

भेटते ना? मग आण ना बाबा!