गेइशाची गाठ पाठीवरच असते

‘गेइशा ओबी पुढे बांधते, कारण ती रात्रीतून अनेकदा सोडावी लागते. आणि जितका भपका जास्त, तितकी ती मोठी गेइशा.’ हा मजकूर फोटोसकट पुन्हा फिरतो आहे. गेइशा म्हणजे जपानमधली गाण्यानाचण्यात तरबेज कलावंतीण; ओबी म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायचा रुंद पट्टा.

आधी फोटो. पोटावर भलीमोठी गाठ, केसांत खोचलेल्या आकड्यांचे जंगल, पायात उंच काळ्या खडावा. हा थाट ओइरानचा, म्हणजे योशिवारा या जुन्या तोक्योतल्या परवानाधारक गणिकांच्या वस्तीतल्या वरच्या दर्जाच्या गणिकेचा. आज तो उत्सवी मिरवणुकांत दिसतो. गेइशा त्याच वस्तीत गाण्यानाचण्याचे काम करत. त्यांनी गणिकांचे गिऱ्हाईक तोडू नये म्हणून १७७९ मध्ये तिथे त्यांच्यावर देखरेख करणारी कचेरीच उघडली गेली. साधा किमोनो, मोजके आकडे, गाठ मागे, असा त्यांचा पेहराव होता. म्हणजे पोस्टवाल्याने नेमकी फरकाची खूणच उलटी वाचली!

आता ती ‘अनेकदा सोडायची’ ओबी. क्योतोच्या माइकोची, म्हणजे उमेदवारी करणाऱ्या मुलीची, दारारी ओबी पाच मीटरांहून लांब असते. तिची दोन टोके पाठीवरून घोट्यापर्यंत लोंबतात आणि टोकाला तिच्या ओकियाचे, म्हणजे ती राहते त्या घराचे, चिन्ह असते. ती आवळायला ओतोकोशी लागतो. नेसवणे हाच धंदा असलेला हा माणूस बायकांच्या त्या घरात शिरू शकणाऱ्या मोजक्या पुरुषांपैकी एक. रात्रीतून चारदा त्याला बोलवायचे म्हणता?

भपक्याचे गणितही उलटेच आहे. लांब बाह्या, लाल कॉलर, खांद्यावर घातलेल्या चुण्या ही सगळी पोरवयाची लक्षणे. शिकत जाईल तशी कॉलर पांढरी होत जाते. उमेदवारी संपण्याच्या समारंभाचे नावच ‘एरिकाए’, कॉलर बदलणे. पूर्ण गेइशाचा सर्वांत औपचारिक किमोनो काळा, त्यावर पाच चिन्हे आणि नक्षी फक्त खालच्या घोळापाशी. तो घोळ जमिनीवर लोळतो, म्हणून चालताना डाव्या हाताने उचलतात. जपानीत ‘डावा घोळ धरणे’ म्हणजेच गेइशा होणे.

युद्धापूर्वी कर्जापायी मुली या घरांना दिल्या जात, त्यांच्या कौमार्याचाही सौदा होई. हे नाकारायचे कारण नाही. पण ते सांगायचे तर कर्जाच्या करारांवरून सांगा. त्या गाठीत तसले काही नाही, आणि फोटोतली बाई तर गेइशाच नाही.